सांडपाणी वाहिनीत पावसाचे पाणी: ते येते कोठून आणि रोखायचे कसे

प्रश्न: पुण्यात आमच्या सोसायटीसमोरचे ड्रेनेजचे चेंबर दर पावसाळ्यात उफाळून वाहते. उन्हाळ्यात मात्र ते एकदाही तुंबत नाही. महापालिकेचे कर्मचारी जोरदार दाबाने पाणी मारणारे जेटिंग मशिन आणून लाईन मोकळी करून जातात आणि पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा तेच होते. लाईनचा व्यास वाढवण्याची मागणी आम्ही करावी का? पावसाचे पाणी या लाईनमध्ये येऊ नये म्हणून सोसायटीला काही करता येईल का?

उत्तर:

व्यास वाढवण्याची मागणी तूर्त करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जी लाईन आठ महिने विनातक्रार वाहते आणि फक्त पावसात उफाळते, ती सांडपाण्यासाठी अपुरी नसते. तिच्यात जे पाणी येणे अपेक्षितच नव्हते ते येत असते. अशा ठिकाणी मोठी लाईन टाकली, तर आत येणाऱ्या पाण्याला अधिक प्रशस्त वाट मिळते, चेंबर उफाळण्याची जागा दोन चौक पुढे सरकते आणि उन्हाळ्यात त्या मोठ्या पाइपमध्ये प्रवाह इतका उथळ व संथ होतो की गाळ बसायला लागतो. महापालिकांच्या मलनिःसारण कामांत आयुष्य गेल्यावर माझी जी काही ठाम मते झाली आहेत त्यांतले पहिले हे, की खोदाई करण्यापूर्वी पाणी कोणत्या दाराने आत येते ते शोधावे, आणि ते दार बंद करण्यापूर्वी त्या पाण्याला जाण्यासाठी दुसरी वाट तयार ठेवावी. दुसरी वाट नसताना दार बंद केले, तर लोक पहारीने ते पुन्हा उघडतात आणि त्यांना दोषही देता येत नाही.

पुण्यात, आणि महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत, कागदोपत्री दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. शौचालय, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे पाणी ड्रेनेज लाईनमधून पंपिंग स्टेशनकडे व तेथून मैलाशुद्धीकरण केंद्राकडे जाते. छप्पर, अंगण आणि रस्त्यावरचे पावसाचे पाणी पावसाळी लाईनमधून किंवा उघड्या गटारातून ओढ्याला व नदीला मिळते. कोलकात्याच्या जुन्या भागासारखी, दोन्ही पाणी एकत्र वाहून नेण्यासाठीच बांधलेली व्यवस्था आपल्याकडे नाही. त्यामुळे आपल्या ड्रेनेज लाईनचे गणित पाऊस वगळूनच मांडलेले असते. सीपीएचईईओ या केंद्रीय संस्थेच्या मानकांप्रमाणे माणशी दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरला, तर त्यातील ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी म्हणून परत येते असे मानतात. त्याला लोकसंख्येनुसार २ ते ३ या गुणकाने गुणून सकाळच्या गर्दीच्या वेळेचा प्रवाह काढतात आणि भविष्यातील तो प्रवाह पाइपच्या ८० टक्के उंचीपर्यंतच वाहील असा व्यास निवडतात. याशिवाय जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी थोडी जागा सोडतात. दर चेंबरमागे दिवसाला २५० ते ५०० लिटर हा त्याचा एक ठोकताळा आहे. छपराच्या पाण्यासाठी मात्र एका थेंबाचीही तरतूद नसते.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. चार माणसांच्या एका घरातून दिवसाला ४३२ लिटर सांडपाणी निघते. दिवसभराची सरासरी काढली तर ते सेकंदाला अवघे ५ मिलिलिटर होते. उलट १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात पुण्यात असा तास येतोच, तर ५,००० लिटर पाणी जमते, म्हणजे सेकंदाला जवळपास १.४ लिटर. एवढ्याशा एका गच्चीचे पाणी सुमारे पावणेतीनशे घरांच्या सरासरी सांडपाण्याइतके झाले. ४०० चौरस मीटर गच्ची असलेल्या तीन इमारतींचे पाणी एकत्र केले, तर ते सेकंदाला साडेसोळा लिटरच्या पुढे जाते. शंभरास एक उताराची सहा इंची लाईन पूर्ण भरून वाहिली तरी सुमारे पंधरा लिटरच नेते. म्हणजे तीन गच्च्यांनी ती लाईन काठोकाठ भरली आणि त्यात सांडपाण्याचा थेंबही अजून आलेला नाही. तुमचे चेंबर का उफाळते याचे उत्तर बहुधा या हिशेबातच आहे. जेटिंगने फरक पडत नाही त्याचेही कारण हेच: लाईन तुंबलेली नसतेच, ती भरलेली असते.

पाणी आत येण्याच्या वाटा अनेक असल्या तरी सर्वांचे वजन सारखे नसते. सर्वांत मोठी वाट इमारतींच्या आवारातून जाते. जुन्या सोसायट्यांचे बांधकाम झाले तेव्हा समोरच्या रस्त्यावर पावसाळी लाईन नव्हती, किंवा ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेला होती. गच्चीचा पाइप खाली आणल्यावर जवळात जवळ जे चेंबर सापडले त्यात तो सोडून दिला गेला आणि वरून फरशी बसली. पुढे सोसायटीचे पदाधिकारी बदलले, नकाशे हरवले आणि तो पाइप कोठे जातो हे सांगणारे कोणी उरले नाही. दुसरा प्रकार पार्किंगचा. आवाराच्या सखल कोपऱ्यात असलेल्या ड्रेनेजच्या चेंबरवर लोखंडी जाळी बसवलेली असते, किंवा गल्ली ट्रॅपचा (घरातले सांडपाणी ड्रेनेजला मिळते तिथल्या, वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या कुंडीचा) काठ फरसबंदीच्या पातळीतच असतो आणि सगळे आवार त्यात रिकामे होते. तिसरा प्रकार गेल्या काही वर्षांत फार वाढला आहे, तो तळघरांचा. दोन-तीन मजले खाली गेलेल्या पार्किंगमध्ये खडकाच्या भेगांतून पाणी झिरपते, ते एका खड्ड्यात जमा होते आणि तिथला सबमर्सिबल पंप ते अनेकदा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये फेकतो. बांधकाम चालू असलेल्या जागेवरून पाया कोरडा ठेवण्यासाठी उपसलेले पाणीही अनेक ठिकाणी असेच जाते. हे पाणी पावसाळा संपल्यावरही थांबत नाही, आणि रात्रंदिवस चालणारा एक साधा पंप वर्षाकाठी शुद्धीकरण केंद्रावर किती पाणी नेऊन घालत असेल याचा विचार पाणी सोडणाऱ्याच्या मनात येतही नाही.

रस्त्यावरची मोठी वाट म्हणजे चेंबरची झाकणे. झाकणाला उचलण्यासाठी किंवा हवेसाठी भोके असतात. पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या एका भोकावर पाच सेंटिमीटर पाणी साचले, तर त्यातून सेकंदाला जवळपास ०.३ लिटर पाणी आत जाते. चार भोकांचे झाकण तासाला चार हजार लिटरांहून अधिक गिळते. डांबरीकरणाचे थर चढत जाऊन रस्ता उंच झाला आणि झाकण खड्ड्यात राहिले की प्रत्येक पावसात त्यावर तळे साचणारच. यावरचा इलाज स्वस्त आहे. झाकणाची चौकट रस्त्याच्या पातळीला उचलावी, सखल जागी भोके नसलेले झाकण बसवावे आणि हवा खेळती राहावी म्हणून त्या टप्प्यावर कडेला उंच वायुनलिका उभारावी. हवेची सोय न करता सगळीच झाकणे घट्ट बंद करणे धोक्याचे आहे, कारण आत साठणारा हायड्रोजन सल्फाइड काँक्रीट खातो आणि माणसाचा जीवही घेतो.

रस्त्यावर पाणी साचले की कोणीतरी पुढे होऊन ड्रेनेजचे झाकण उघडतो, आणि पाणी भोवरा करून आत जाताना पाहून सगळ्यांना हायसे वाटते. ही कृती कळकळीने केलेली असते, तरी ती कोणीही करू नये, असे मी हात जोडून सांगतो. ते पाणी खालच्या अंगाच्या वस्तीत, तळमजल्यावरच्या शौचालयांतून, मैल्यासह वर येते. शिवाय पाण्याखाली उघडे राहिलेले चेंबर कोणाला दिसत नाही. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले, हे अवघ्या महाराष्ट्राने वाचले आहे.

पुण्याची एक खास अडचण इथे सांगितली पाहिजे. शहर उताराचे आहे आणि सांडपाणी शक्यतो उतारानेच न्यायचे असल्यामुळे मोठ्या ट्रंक लाईन ओढ्यांच्या आणि नद्यांच्या कडेने, काही ठिकाणी प्रत्यक्ष पात्रातून, टाकलेल्या आहेत. अभियांत्रिकी दृष्टीने ती जागा सर्वांत सोयीची होती. परंतु ओढ्याला पूर आला की त्या लाईनची चेंबरे पाण्याखाली जातात, झाकणे निसटतात, कधी विटांच्या भिंतीच वाहून जातात आणि ओढा आपल्या दगडगोट्यांसह ड्रेनेजमध्ये शिरतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानंतर ओढ्याकाठची बांधकामे आणि सीमाभिंती यांची पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पात्रातील ट्रंक लाईनचे एक मोडलेले चेंबर पुढचे कित्येक महिने गुपचूप ओढ्याचे पाणी पीत राहते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पात्रातील प्रत्येक चेंबर काँक्रीटमध्ये, पूररेषेच्या वर उंचावलेले किंवा बोल्टने आवळलेल्या जलरोधक झाकणाचे असले पाहिजे आणि दर पुरानंतर ते स्वतः चालत जाऊन पाहिले पाहिजे.

ओढ्यांच्या बाबतीत आणखी एक वाट तर आपण स्वतः होऊन उघडतो. ओढ्यातून मैलापाणी नदीत जाते म्हणून ओढ्यावर छोटा बांध घालून ते पाणी ट्रंक लाईनमध्ये वळवण्याची पद्धत अनेक शहरांत आहे. कोरड्या दिवसांत त्याने नदी वाचते, हे खरे. पण वळवलेल्या तोंडावर प्रवाह मर्यादित ठेवणारे छिद्र किंवा पावसाळ्यात बंद करायची झडप नसेल, किंवा असलेली झडप जूनच्या आधी कोणी बंद केली नाही, तर पहिल्याच पावसात अख्खा ओढा पंपिंग स्टेशनच्या दारात येऊन उभा राहतो. मूळ उपाय ओढ्याच्या तोंडाशी नाही, वर वस्तीत आहे. ज्या घरांचे मैलापाणी ओढ्यात सुटते त्यांना ड्रेनेज लाईनला जोडले पाहिजे. ते काम किचकट आहे, गल्लीगल्लीतून करावे लागते आणि त्याचे उद्घाटन होत नाही. तरीही ते टाळून चालत नाही.

आता जमिनीखालून येणाऱ्या पाण्याबद्दल. जुन्या स्टोनवेअर, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, पाइपांचे सिमेंटचे सांधे तडकतात, वड-पिंपळाची मुळे त्यांत शिरतात, विटांच्या चेंबरचा गिलावा निखळतो. पुण्यासारख्या ठिकाणी खडक फोडून चर खणलेला असतो आणि पाइप टाकल्यावर तो सैल भरावाने भरलेला असतो. आजूबाजूच्या घट्ट खडकात मुरलेले पाणी या सैल चराकडे धाव घेते आणि ड्रेनेज लाईनचा चर हाच जमिनीखालचा झरा बनतो. म्हणून सोसायटीने शोषखड्डा घेताना तो ड्रेनेज लाईनपासून जितका लांब घेता येईल तितका घ्यावा. लाईनला खेटून घेतलेल्या शोषखड्ड्यातले पाणी भूजलात न जाता सांध्यांतून ड्रेनेजमध्ये गेलेले मी पाहिले आहे, आणि सोसायटीला मात्र आपण पाणी जिरवत असल्याचे समाधान होते.

जमिनीखालच्या पाण्यात एक प्रकार असा आहे की त्याने माझी झोप उडते. तो म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या नळाची गळती. नळाची लाईन आणि ड्रेनेज लाईन अरुंद गल्लीत शेजारी शेजारी असतात. नळाला पाणी सुटले की गळतीचे पाणी ड्रेनेजमध्ये जाते आणि पाणी बंद झाले की नळाच्या लाईनमध्ये पोकळी निर्माण होऊन त्याच भेगेतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. इचलकरंजीत २०१२ मध्ये पसरलेली काविळीची साथ ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना दूषित नळपाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्यामुळे कोरड्या दिवसांत चेंबरच्या भिंतीतून स्वच्छ पाण्याची धार येताना दिसली, तर ‘पाणीच आहे, मैला तर नाही’ असे म्हणून झाकण लावून टाकू नये. त्या धारेचे पाणी बाटलीत घेऊन क्लोरीनची चाचणी करावी. क्लोरीन निघाला तर ते नळाचे पाणी आहे हे सिद्ध झाले आणि ती दुरुस्ती त्याच दिवशी व्हायला हवी.

एवढ्या वाटांपैकी तुमच्या भागात कोणती, हे ओळखण्याची पद्धत महागडी नाही. खालच्या अंगाच्या एका चेंबरमध्ये पाण्याची पातळी नोंदवणारे यंत्र महिनाभर लावावे आणि जवळच्या शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवावा. ते न जमल्यास पट्टी लावून वेळेगणिक नोंदी केल्या तरी पुष्कळ कळते. पाऊस सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पातळी चढली आणि पाऊस थांबताच तितक्याच झपाट्याने उतरली, तर गच्च्या, आवारे आणि झाकणे यांचे पाणी थेट येते आहे. पातळी तासातासाने चढत गेली आणि उतरायला दोन-चार दिवस लागले, तर सांधे झिरपत आहेत. ओढ्याची पातळी एका ठराविक उंचीवर गेल्यावरच एकदम उसळी दिसली, तर पात्रातले एखादे चेंबर उघडे आहे. आणि पाऊस नसताना, रात्री दोन ते चारच्या दरम्यान सगळे शहर झोपलेले असतानाही लाईन वाहत असेल, तर पेठेत किंवा प्रभागात नळाला पाणी सुटण्याच्या वेळांशी ती नोंद ताडून पाहावी. पाणी सुटण्याबरोबर प्रवाह वाढत असेल तर नळाची गळती. काहीही फरक पडत नसेल तर भूजल किंवा तळघराचा पंप. पंपाची नोंद तर चटकन ओळखू येते, कारण ती ठराविक अंतराने पायरीसारखी चढते आणि उतरते.

शुद्धीकरण केंद्रावरची नोंदवहीही बोलकी असते. माणशी दिवसाला २७ ग्रॅम बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचे माप) आणि १०८ लिटर सांडपाणी धरले, तर येणाऱ्या मैलापाण्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आसपास असायला हवा. तो वर्षभर निम्म्यावर असेल, तर जवळपास निम्मे पाणी बाहेरचे असण्याची शक्यता तपासली पाहिजे. मात्र वाटेत सेप्टिक टँक असलेल्या वस्त्यांमुळेही बीओडी घटतो, म्हणून केवळ या एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये. पावसात तो आणखी कोसळतो, जिवाणूंना खाद्य कमी आणि पाणी जास्त मिळते, टाक्यांतला उपयुक्त गाळ वाहून जातो आणि पाऊस ओसरल्यावरही केंद्र काही दिवस नीट काम करत नाही. पुण्यात जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाहाय्याने अकरा केंद्रांची, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची योजना हाती घेतली गेली. एवढ्या खर्चाने उभी राहणारी क्षमता गच्चीवरच्या पाण्याने भरून जावी, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

नेमके घर शोधण्यासाठी धुराची चाचणी सर्वांत उपयोगी. लाईनच्या एका तुकड्याची दोन्ही टोके वाळूच्या पोत्यांनी अडवून मधल्या चेंबरवर पंखा ठेवतात आणि बिनविषारी पांढरा धूर आत सोडतात. ड्रेनेजला जोडलेल्या गच्चीच्या पाइपाला पाण्याचा ट्रॅप नसल्यामुळे धूर सरळ वर चढतो. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, पन्हळीच्या तोंडातून तो शांतपणे बाहेर पडताना दिसला की सोसायटीच्या बैठकीत कोणालाही वाद घालावा लागत नाही. एखाद्याच्या न्हाणीघरात धूर आला, तर तिथला नहाणी ट्रॅप कोरडा किंवा फुटका आहे हेही समजते. दोन दिवस आधी घरोघरी सूचना द्यावी, अग्निशमन दलाला कळवावे आणि दम्याच्या रुग्णांची आवर्जून चौकशी करावी. धुराने न सुटलेली कोडी रंगीत पाण्याने सुटतात: गच्चीवर बादलीभर रंग ओतायचा आणि तो ड्रेनेजच्या चेंबरमध्ये दिसतो की पावसाळी लाईनमध्ये, हे पाहायचे. पाइपच्या आतील दोष पाहण्यासाठी कॅमेरा उतरवावा. माणूस उतरवू नये. सुरक्षेच्या साधनांविना माणसाला गटारात उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि खरे सांगायचे तर पावसाळ्यात तुंबलेली प्रत्येक लाईन कोणातरी सफाई कामगाराला त्या चेंबरच्या तोंडाशी आणून उभी करते. माझ्या लेखी या साऱ्या खटाटोपाचे सर्वांत मोठे कारण तेच आहे.

दुरुस्तीचा क्रम ठरवताना पैशाच्या मानाने सर्वांत जास्त पाणी कोठे थांबते ते पाहावे. गच्चीचा एक पाइप वळवायला जो खर्च येतो, त्याच्या कित्येक पट खर्च रस्त्याखालचे सांधे दुरुस्त करायला येतो; म्हणून आवारांपासून आणि झाकणांपासून सुरुवात करावी. सांधे झिरपत असल्याचे सिद्ध झाले, तर रस्ता न खोदता जुन्या पाइपच्या आत नवे अस्तर बसवण्याचे तंत्र आता आपल्याकडेही वापरले जाते. मात्र मुख्य लाईन जलरोधक करून घरांच्या जोडण्या तशाच ठेवल्या, तर जमिनीतील पाणी त्या जोडण्यांतून आत येते आणि केलेल्या खर्चाचा गुण दिसत नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहराने जादा पाणी साठवण्यासाठी १९९०च्या दशकात जमिनीखाली खोल बोगदा वापरात आणला. आज त्याची क्षमता सुमारे १९७ कोटी लिटर आहे. तरीही त्या शहराला पुढे घरोघरच्या जोडण्या आणि पायाभोवतीच्या निचरा नळ्या दुरुस्त करण्याचा स्वतंत्र कार्यक्रम घ्यावा लागला. एवढी साठवण करू शकणारे शहरसुद्धा शेवटी खासगी आवारातच पोचले, हे आपल्याकडे मोठ्या लाईनची मागणी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता तुमच्या सोसायटीपुरते. पहिला पाऊस पडण्यापूर्वी, साधारण एप्रिल-मेमध्ये, गच्चीवरच्या प्रत्येक पाइपात पाणी ओतून ते कोठे निघते याचा कच्चा नकाशा काढा. हे करताना स्वयंपाकघरालगतच्या ‘ड्राय’ बाल्कनीतल्या वॉशिंग मशिनचे किंवा धुण्याचे पाणी त्याच पाइपात सोडलेले नाही ना, हे मजल्यागणिक पाहा. तसे असेल तर आधी ते पाणी ड्रेनेजच्या पाइपाकडे घ्यावे लागेल, नाहीतर गच्चीचा पाइप पावसाळी लाईनला जोडताच साबणाचे पाणी ओढ्यात जाऊ लागेल. गच्चीचे पाणी शक्य तितके साठवण टाकीत किंवा गाळणीमार्फत बोअरच्या पुनर्भरणाला घ्या. ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना राज्याच्या एकीकृत बांधकाम नियमावलीने हे बंधनकारकच आहे. टाकी भरल्यावरचे जादा पाणी मात्र पावसाळी लाईनलाच गेले पाहिजे. आवारातील ड्रेनेजच्या चेंबरांच्या जाळ्या काढून त्यांवर घट्ट झाकणे बसवा, गल्ली ट्रॅपचे काठ फरसबंदीच्या किमान चार-सहा इंच वर घ्या आणि पार्किंगच्या पाण्यासाठी वेगळी जाळीची नाली काढा. तळघराचा पंप असेल तर त्याचे पाणी झाडांना, गाड्या धुण्याला आणि फ्लशच्या टाकीला वापरा. तळमजल्यावरच्या घरांत मैला उलटा येत असेल, तर आवाराच्या शेवटच्या चेंबरमध्ये उलट प्रवाह अडवणारी झडप बसवता येते, परंतु झडप बंद असताना वरच्या मजल्यांचे पाणीही बाहेर जाऊ शकत नाही, हे सर्वांना माहीत असले पाहिजे; म्हणून स्वतःच्या गच्चीचे पाणी वळवण्यापूर्वी ती बसवू नका.

समोरच्या रस्त्यावर पावसाळी लाईनच नसेल, तर क्षेत्रीय कार्यालयाकडे करायची मागणी तीच आहे. अर्जात ‘ड्रेनेज तुंबते’ एवढेच लिहिले की जेटिंग मशिन येते आणि तक्रार निकाली निघते. त्याऐवजी पावसाची तारीख, पाऊस सुरू झाल्याची वेळ, चेंबर उफाळल्याची वेळ आणि पाणी ओसरल्याची वेळ अशा तीन-चार पावसांच्या नोंदी द्या, तुमच्या गच्चीचे पाइप वळवल्याचा नकाशा जोडा, आणि त्याच लाईनवरच्या शेजारच्या इमारतींची धूर चाचणी व रस्त्यासाठी पावसाळी लाईन अशा दोनच गोष्टी मागा. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांची सही त्या अर्जावर असेल तर उत्तम, कारण सहा इंची लाईन भरायला तीन गच्च्या पुरतात आणि रिकामी करायलाही त्याच तीन वळवाव्या लागतात.